होमातला नारळ

पंच्याऐंशी सालच्या शिमग्याला खैरखोलात लाकूड कमी पडलं आणि त्याचा ठपका सगळ्यांनी मिळून आप्पांच्या शेडीवर ठेवला. ठपका अगदीच खोटा होता असं नाही. शेडीत काजूबी उकडायला जो बॉयलर होता त्याची भूक मोठी, आणि गावात ज्याच्या रानात जे काही वाळकं उभं होतं ते त्याने हौसेने तोडून आप्पांना विकलं होतं. विकताना कुणाला होळी आठवली नव्हती. पौर्णिमा जवळ आली, पोरं होमासाठी लाकडं चोरायला निघाली (शिमग्यात होमाच्या लाकडाची चोरी ही चोरी धरत नाहीत), तेव्हा गावात चोरण्यासारखं काही उरलंच नाही हे ध्यानात आलं. मग मात्र सगळ्यांना एकदम धर्म आठवला.

"देवीचा होम बोडका जानार," जानू गावकर देवळाच्या पायरीवर बसून बोलले. "रान सगळं शेडीनं खाल्लान."

गावकर म्हणजे गावच्या देवस्कीचे प्रमुख. वाघजाईच्या पालखीला पहिला खांदा त्यांचा, होमाला पहिला अग्नी त्यांचा आणि कुणाचं काय चुकलं हे ठरवण्याचा पहिला हक्कही त्यांचाच.

हे बोलणं राहीच्या कानावर आलं आणि तिला ते फार लागलं. शेडीत काजू फोडणाऱ्या बायकांत ती पहिल्या दिवसापासूनची. शेड नव्हती तेव्हा काजूबीचं काय व्हायचं हे तिला पक्कं आठवत होतं. पाटी डोक्यावर घेऊन उन्हातान्हात संगमेश्वर गाठायचं आणि बदल्यात मीठ, सुका बांगडा आणि वर व्यापाऱ्याची बोलणी घेऊन परत यायचं. आप्पा मुंबईला गोदीत मुकादम होते. निवृत्त झाल्यावर ते गावी आले, वेंगुर्ल्याकडे मेहुण्याचा काजूचा कारखाना बघून आले आणि वडिलांच्या आंब्याखाली त्यांनी पत्र्याची शेड उभी केली. बी वाफेवर उकडायची, सुकवायची, मग पायाने दाबायच्या यंत्रात धरून कापायची आणि सुईने अख्खा गर बाहेर काढायचा. काम बायकांचं. टरफलातला चीक अंगावर उडाला की कातडं भाजून निघतं, म्हणून आधी हातांना खोबरेल चोपडायचं. तरी बोटं काळी पडतातच. राहीची बोटं तवा पुसल्यासारखी दिसत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

वाटत नसे, कारण शेडीने तिला जे दिलं होतं ते पगाराच्याही पलीकडचं होतं. शेडीने तिला नवरा दिला होता. म्हणजे नवरा होताच, लग्न रीतसर झालं होतं. पण काशीराम मुंबईला गिरणीत बॉयलरवर, आणि राही इथे. शिमग्याला चार दिवस आणि गणपतीला आठ, एवढाच काय तो संसार. त्यांची कमला लहान असताना बाप आला की पाहुणा समजून त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आईच्या मागे लपायची. मग गिरण्यांचा संप झाला. वर्षभर वाट बघून काशीराम गावी आला आणि पडवीत नुसता बसून राहिला. बसलेला पुरुष घरात किती जागा अडवतो हे राहीला तेव्हा कळलं. पण आप्पांनी बॉयलर आणला आणि तो चालवणारा माणूस सगळ्या पंचक्रोशीत एकच निघाला. काशीराम दुसऱ्या दिवसापासून कामावर. दोघं सकाळी एकत्र पाणंदीने जात, संध्याकाळी एकत्र परत येत. वाटेत फारसं बोलत नसत. पण एवढ्या वर्षांत कुणाबरोबर गप्प राहून चालायचं सुखही राहीला मिळालं नव्हतं.

तेव्हा शेडीला कुणी नावं ठेवली की ती राहीला आपल्या घराला ठेवल्यासारखी लागत. ती जनीला बोलली, "आपली शेडच होमाला देऊन टाकील सरपण. मागं टरफलांची रास पडलेय ती काय करायचेय?"

जनी तिच्या शेजारच्या यंत्रावर बसायची. बोलायला फटकळ आणि मनाने भित्री. पण ही कल्पना तिलाही आवडली. टरफलं कशी पेटतात हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. रोज मूठभर ओच्यातून घरी न्यायची, चुलीत टाकली की ओला ओंडकासुद्धा धडधडायला लागतो. आता चुलीतली मूठ वेगळी आणि होमातली पोती वेगळी, हा विचार कुणाच्या डोक्यात यायला हवा होता. पण तो आला नाही. चीक हात भाजतो हे माहीत होतं, तरी आगीत गेलेला चीक काही करील हे कुणाला वाटलंच नाही. होमात पडलं ते जळून शुद्ध झालं, असं लहानपणापासून ऐकलेलं. आप्पांना विचारलं तर ते खूश. रास हलली तर त्यांनाही हवीच होती. पौर्णिमेच्या संध्याकाळी बायकांनी डोक्यावरून पोती वाहिली आणि होमाच्या खड्ड्यात, होती नव्हती त्या लाकडांच्या मधोमध, ओतून दिली.

खैरखोलात होम पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. गावकरांनी अग्नी दिला मात्र, ज्वाळा होमात उभ्या केलेल्या सुरमाडाच्या शेंड्याला शिवायला निघाल्या. टरफलं फुरफुरत होती, तडतडत होती, काळा धूर मानकऱ्यांच्या अंगावरून लोळत जात होता. असा होम गावाने पूर्वी बघितला नव्हता. रामा ढोल वाजवत होता तो थांबेचना. गावकरांचे डोळे पाण्याने भरले. ते भक्तीने भरले असं सगळ्यांनी धरून घेतलं.

मग नारळ. घरोघरचे नारळ होमात टाकतात आणि अर्धवट भाजले की मानकरी ते काठीने, हाताने ओढून काढतात. तिथेच फोडून, तिथेच खायचे. हा मान पुरुषांचा, त्यातही मानकऱ्यांचा. बायकांनी लांबून हात जोडायचे. काळेकुट्ट, तेलकट झालेले नारळ त्या दिवशी बाहेर आले, मानकऱ्यांनी ते फोडले, ओठाला-बोटाला काजळी लागेपर्यंत चवीने खाल्ले. बाबल्या गुरवाने होमातली रक्षा उचलून पुढे येईल त्या पुरुषाच्या कपाळाला फासली. वर्षभर अंगाला खरूज-नायटा शिवत नाही म्हणून ही रक्षा लावतात.

"काशीराम," गावकर तोंड पुसत बोलले, "तुज्या बायलेनं होमाची लाज राखली."

काशीरामने ते घरी येऊन राहीला सांगितलं. तिला दोन घास जास्त गेले.

पालखी निघाली. घरोघर जाऊ लागली. पहिल्या दिवशी राहीच्या वाडीत आली तेव्हा राहीने देवीची ओटी भरली, शेडीतल्या सगळ्याच बायकांनी भरली. त्या संध्याकाळी काशीराम कपाळ खाजवत होता. "घाम असंल," तो बोलला. दुसऱ्या दिवशी पालखीच्या भोयांपैकी निम्मे खाजवत होते. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी राहीने चहाचा कप नेऊन दिला, तेव्हा अंथरुणात तिचा नवरा नव्हता, दुसराच कुणी होता. डोळ्यांच्या जागी दोन फटी. ओठ असे सुजलेले की खालचा हनुवटीवर टेकलेला. कपाळावर पाण्याने भरलेले बारीक फोड.

"राही," तो आतल्या आत बोलला, "देवी कोपली काय गो?"

सगळ्या गावाला हाच प्रश्न पडला होता. गावकरांचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. बाबल्या गुरवाची बोटं वळत नव्हती. आप्पांना यंदा पहिल्यांदाच मानकऱ्यांत उभं केलं होतं, त्यांनी मोठ्या कौतुकाने दोन खांडकं खाल्ली होती, ते तर बोलूही शकत नव्हते. रघूपासून म्हाताऱ्या सोन्यापर्यंत एकूण एक मानकरी सुजलेला. आणि बायका, पोरं धडधाकट. एका पुरुषाला फक्त काही झालं नव्हतं, तो म्हणजे रामा ढोलवाला. तो सकाळपासून गावातून मान ताठ करून फिरत होता आणि विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत होता, "मी कदी कुनाचं वाईट केलं नाय. देवी बगते."

पालखी थांबली. शिमग्यात पालखी मधेच थांबणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. निम्म्या घरांत देवी गेली नाही, निम्म्या घरांचे नवस अडकले. मुंबईहून चार दिवसांची रजा काढून आलेले चाकरमानी दारात तोरण बांधून बसले होते ते तसेच बसून राहिले. आणि दुपारपर्यंत गावात एकच बोलणं सुरू झालं. नवं काय झालं गावात? शेड झाली. बायकांनी काळ्या हातांनी देवीची ओटी भरली. बायका कमवायला लागल्या, पुरुष बघत राहिले, म्हणून शिक्षा पुरुषांना.

संध्याकाळी देवळात गाव जमणार होता. देवीला कौल लावायचा होता, शेड ठेवायची की बंद करायची.

काशीरामने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग बोलला, "बंद झाली तर पाडव्यानंतर मी जातंव मुंबईला. वडाळ्याला कुनाच्यातरी खोलीवर पडायला जागा गावंल. वॉचमन म्हनून लागतात मानसं."

"आनि आमी?"

"तुमी हितंच. पयल्यासारखं."

पहिल्यासारखं! राहीने फडका पाण्यात बुडवून पिळला. ती त्याच्याजवळ बसली, आणि ओला फडका त्याच्या तोंडावर ठेवताना तिने पहिल्यांदा नीट बघितलं. फोडांची ती रांग. लालसर कडा, मधे पिवळं पाणी, दोन दिवस नुसती खाज आणि तिसऱ्या दिवशी एकदम. हे तिने बघितलेलं होतं. शेडीतल्या पहिल्याच आठवड्यात, खोबरेल न लावता बसली होती तेव्हा, तिच्या स्वतःच्या दोन्ही मनगटांवर हेच उठलं होतं. शेडीतल्या सगळ्या बायकांना केव्हा ना केव्हा उठलं होतं.

फडका तिच्या हातातून खाली पडला. टरफलं. नारळ. रक्षा. देवी कुठली कोपतेय, हा तर चीक!

पहिल्या क्षणी तिला हसू आलं असतं. पण लगेच दुसरा विचार आला आणि हसू जागच्या जागी थिजलं. होमात टरफलं घातली कुणी? कल्पना कुणाची? देवीच्या होमात विष कालवलंन, मानकऱ्यांची तोंडं भाजलीन, हे सगळं तिच्याच नावावर येणार होतं. ती धावत जनीकडे गेली.

जनीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "गप रव गो बाय! बोललीस तर काय व्हईल? आता देवीनं केलान बोलतायत. मंग शेडीनं केलान बोलतील. शेड बंद ती बंदच, वर तुला गाव वाळीत टाकील."

"आनि नाय बोलले तर?"

"नाय बोललीस तर कौल हाय. कौल उजवा पडेल, नायतर डावा पडेल. अर्धी आशा तरी हाय."

जनीचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही. राही घरी परतली, भांडी घासली, तीच भांडी पुन्हा घासली. अर्धी आशा काही कमी नसते. पण समजा कौल शेडीच्या बाजूने पडला, तरी काशीराम आणि बाकीचे आपल्यावर देवी कोपलीय असं समजूनच जगणार. आणि विरुद्ध पडला तर एका खोट्या गोष्टीपायी शेड जाणार, आणि ती खोटी आहे हे तिला ठाऊक असणार, जन्मभर. नवरा वडाळ्याला, ती इथे, आणि मधे ही न बोललेली गोष्ट. तिने पदर खोचला आणि देवळाची वाट धरली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

सभामंडप पुरुषांनी भरला होता. बायका बाहेर, पायऱ्यांवर. आतला देखावा असा होता की दुसऱ्या कुठल्याही दिवशी गाव हसून लोळला असता. रामा सोडला तर एकालाही धड डोळे उघडता येत नव्हते. बहुतेकांचे ओठ मिटत नव्हते, म्हणून ते फुंकर मारल्यासारखे बोलत होते. गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. एरवी त्यांचा आवाज नदीपलीकडे जातो.

"हे वाघजाय माते, आमी तुजी लेकरं..."

"व्हय म्हाराजा," गाव बोलला. पण ओठच मिटत नव्हते, त्यामुळे त्यात जोर कसला तो नव्हता.

"कौल लावायच्या आदी," गावकर बोलले, "कुनाचं काय चुकलंमाकलं असंल तर हितं देवीसमोर कबूल करा. मागून लपवलंन असं नको."

ही खैरखोलची रीत. सहसा कुणी काही बोलत नाही, थोडा वेळ माना खाली घालतात आणि पुढचं काम सुरू होतं. पण तोंड असं सुजलेलं असताना माणसाला गप्प बसवत नाही. पहिला रघू उठला. त्याने पावसाळ्यात भावाच्या शेताचा दगडी गडगा हातभर आत सरकवला होता. भाऊ तिथेच बसला होता, तोही सुजलेला. तो बोलला, "आनि मी तो परत सरकवला, जरा जास्तच." म्हातारा सोन्या देवीला कोंबडा बोलून त्याजागी तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, देऊन मोकळा झाला होता. बाबल्या गुरवाने तर खांबाला धरून उभं राहून सांगितलं की समईचं तेल उरलं की तो ते घरी नेतो, आणि पुष्कळदा ते उरतं कारण तो ते घालतच नाही. त्यावर मात्र गावकरांनी त्याच्याकडे असं बघितलं, म्हणजे एका फटीतून बघितलं, की तो चटकन खाली बसला.

रामा ढोलवाला तेवढा मागे हाताची घडी घालून उभा होता.

गावकरांनी स्वतःचं काही कबूल केलं नाही. "हे झालं जुनं," ते म्हणाले. "दर सालचं. त्यासाठी देवी असं करायची नाय. नवं काय ते शेड. आप्पा, तुजं काय म्हननं?"

आप्पांनी हात जोडले आणि तोंडाकडे बोट दाखवलं. त्यांना काही म्हणता येत नव्हतं.

"लाव कौल, बाबल्या. उजवा पडला तर शेड बंद."

बाबल्याने फुलाचे दोन कळे भिजवले आणि वाकड्या बोटांनी कसेबसे देवीच्या पाषाणाला चिकटवले, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाव श्वास रोखून बघू लागला. काशीराम खांबाला टेकून बसला होता. त्याने डोळे झाकले होते की ते तसेच होते, कळायला मार्ग नव्हता. उजवा कळा ओलाव्याने थोडा खाली घसरला.

"थांबा!" राही ओरडली.

ती पायऱ्या चढून आत आली होती. कशी आली ते तिलाही कळलं नाही. बाईने कौल चालू असताना मंडपात येणं हे खैरखोलात कुणी ऐकलंही नव्हतं. जनी मागून पदर धरून ओढत होती, तो सुटला.

"देवीला कशाला त्रास देताव?" राही बोलली. "देवीनं काय केलं नाय. माजं चुकलंय. होमात टरफलं मी घालायला लावली. टरफलात चीक असतो. तो नारळाला लागला, राखेत उतरला. हे चिकाचं भाजनं हाय, तात्यानू. कोप नाय."

मंडपात एकदम गलका झाला. रघू उठून उभा राहिला. "आगीत घातल्यावर चीक कुटला? बाय काय पन बोलते!"

राहीने बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही मनगटं समईच्या उजेडात धरली. जुन्या फोडांचे डाग तिथे होते. "हे बगा. माजं पयल्या आठवड्यातलं. जनीला इचारा, सगळ्या बायकांना इचारा. दोन दिस निस्ती खाज, तिसऱ्या दिशी फुटतं. आता तुमीच सांगा, ज्यानं नारळ खाल्लान त्याचे ओठ सुजलेत. ज्यानं नारळ फोडलान त्याची बोटं. सोन्याआजाला दात नायत, त्यानं खाल्लंन नाय, त्याचं निस्तं कपाळ सुजलंय, रक्षा लावलेली तेवडंच."

सगळ्या फटी म्हाताऱ्या सोन्याकडे वळल्या. खरंच, त्याचं कपाळ नारळाएवढं होतं आणि ओठ जसेच्या तसे, सुरकुतलेले.

"आनि रामा?" कुणीतरी विचारलं.

"रामाभावजी ढोल वाजवत व्हते. दोनी हातात टिपऱ्या. त्यांनी खाल्लं नाय, आनि ते थांबलेच नाय म्हनून बाबल्यादादानं त्यांना रक्षा लावली नाय."

रामाच्या हातांची घडी सुटली. तो इकडे-तिकडे बघू लागला. "म्हंजे," तो फार वाईट वाटून बोलला, "मी काय पुन्यवान वगैरे नाय?"

पहिला कोण हसला ते नक्की सांगता येत नाही. बहुतेक रघूचा भाऊ. पण हसू ते सगळीकडे पसरलं, आणि हसताना ओठ ताणून फुटायला लागले तसे लोक "आय आय" करत, तोंड धरत हसू लागले. फक्त गावकर हसत नव्हते. ते राहीसमोर येऊन उभे राहिले. राहीची मान खाली गेली. आता जे व्हायचं ते होणार होतं.

"राही," ते हळू आवाजात बोलले, "देवीची शप्पत घेऊन सांग. चीकच हा?"

"देवीची शप्पत, तात्या. चीकच."

गावकर मटकन खाली बसले. इतका मोठा माणूस, पण पाय सोडून लहान पोरासारखा बसला, आणि त्याने भरपूर मोठा सुस्कारा टाकला. "खाज सुटल्यापासून डोळ्याला डोळा नाय माज्या," ते बोलले. "देवराईतला वाळका ऐनाचा रूख मी तोडून शेडीला इकला. गुपचूप. वाटलं, देवीनं मलाच धरलान आनि माज्यापायी सगळ्या गावाला. तुमी सगळे बोललाव, मी बोललो नाय. शेड बंद झाली की ती गोष्ट बी बंद व्हईल असं वाटलं."

मग म्हातारा सोन्या म्हणाला, "वाळकाच व्हता ना? मंग पावसाळ्यात धा लाव देवीला. चल, उट." आणि त्याने गावकरांना हात दिला.

बाबल्याने पुढे होऊन दोन्ही कळे पाषाणावरून काढून घेतले. ते पडायची वाट बघायचं आता काही कारण नव्हतं.

रघूचं समाधान झालं नव्हतं. "पन होम बाटवला त्याचं काय? दंड नको?"

"दंड तर व्हनारच," गावकर बोलले. त्यांच्या आवाजात आता पहिला जोर यायला लागला होता. "राही, तुमी शेडीत भाजल्यावर काय लावताव?"

"मुठेल. कोकमाचं घट्ट तेल. तीन-चार दिसांत उतरतं."

"मंग हाच दंड. शेडीतल्या बायकांनी घरोघरचं मुठेल जमा करून आत्ताच्या आत्ता सगळ्यांच्या तोंडाला लावायचं. उद्या पालखी निगाली पायजे. आनि पुडल्या वर्षी शेडीनं होमाला लाकडं द्यायची, आप्पा, चांगली, राखून ठेवलेली. टरफलं नाय."

पुढल्या वर्षी, बोलले गावकर. बाकीचं राहीने ऐकलंच नाही. पुढल्या वर्षी शेडीने लाकडं द्यायची! तिचे डोळे भरून आले आणि ती पुसायलाही विसरली. आप्पांनी मंडपाच्या कोपऱ्यातून दोन्ही हात वर करून मान डोलावली, तोंडातून फक्त "ऊं, ऊं" निघालं, पण इतक्या आनंदाने की त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. जनी मागून येऊन राहीला चिमटा काढून बोलली, "मी बोललेच व्हते, बोल म्हनून." राहीने तिच्याकडे नुसतं बघितलं. असू दे, तिला वाटलं. आज जनीचंही असू दे.

मग देवळात जे चाललं ते खैरखोलने पूर्वी कधी बघितलं नव्हतं. बायका वाट्या घेऊन आल्या, मंडपात शिरल्या, आणि गावातले एकूण एक मानकरी ओळीने बसून त्या काळ्या बोटांकडून तोंडाला तेल लावून घेऊ लागले. त्या बोटांनी ओटी भरली म्हणून दुपारी जो सगळ्यात जास्त ओरडला होता, तो सगळ्यात आधी तोंड पुढे करून बसला. रामा ढोलवालाही ओळीत येऊन बसला. "मला बी लावा थोडं," तो बोलला, "एकट्यालाच बरं नाय वाटत."

राही शेवटी काशीरामजवळ गेली. तो खांबाला टेकून तसाच होता. तिने वाटीतलं मुठेल बोटावर घेतलं आणि त्याच्या कपाळावर, मग पापण्यांवर, मग ओठांवर हलक्या हाताने फिरवलं. चारचौघांत तिने नवऱ्याला कधी हात लावला नव्हता. आज कुणाचं लक्षही नव्हतं.

"बोललीस ते बरं केलंस," तो म्हणाला.

"दुखतंय?"

"जरा." त्याने तोंड तिच्या बोटांकडे आणखी पुढे केलं. "घाबरली असशील."

"व्हय," राही बोलली. "तुमी मुंबईला जातंव बोललाव, तवा घाबरले. हितं नाय एवडी घाबरले."

काशीरामने एक डोळा जमेल तितका उघडला आणि तिच्याकडे बघितलं. मग त्याने तो मिटून घेतला, आणि तेलकट ओठांनी, अडखळत, पण अगदी रोजच्या आवाजात बोलला, "उद्या सकाळी मला लवकर उटव गो. तीन दिस बॉयलर थंड पडलाय, तापायला येळ लागंल. डोळे उघडले नाय तर हाताला धरून ने."